मागची खडखड

रविवारी भट्टी बंद असते,
म्हणून गाडी रविवारीच उचलली.
पुढच्या चाकांना ओल्या सोडणांची पाचर,
मागे जॅकच्या शेजारी फणसाचे दोन ठोकळे.
चिरा लावायचा नाही. चिरा दिसतो घट्ट,
ओझं आलं की त्याचं लाल पीठ होतं.

शिरोड्याच्या मिठागरांवरून सुटलेला वारा
आधी माझ्या अंगणात येतो.
दाराच्या कडीला, शिवणाच्या सुयांना
आणि या ओमनीच्या पोटाला
तेरा वर्षं चाटतोय.
शॉकचा खालचा नट आता नट नव्हता,
पापुद्रे सुटलेला कांदा होता.
शुक्रवारपासून त्याला डिझेल पाजत होते.

रॉयस्टन टॉर्च धरून, टॉर्च माझ्या तोंडावर.
"काकी, सुटता काय?"
"नटार धर रे, माझी मिशी कित्याक बघतस!"

पान्याच्या दांड्यात पाण्याचा जुना नळ घातला
आणि त्यावर चढून उभी राहिले,
बावन्न वर्षांची बाई, गाऊन खोचून,
एका नटावर.
मिसाहून परतणारी माणसं फाटकाशी हळू झाली.
"इनास नाय काय घराक?"
इनास बहारीनला आहे हे अख्ख्या वाडीला ठाऊक.
म्हटलं, "असा. गाडीखाली असा."
तेवढ्यात कडाक्.
आधी वाटलं नळ तुटला,
मग वाटलं गुडघा.
नट होता.

जुना शॉक दोन्ही हातांनी दाबून बघितला.
खाली गेला, तिथेच राहिला.
परत वर यायची त्याला हौस उरली नव्हती.
मी काही बोलले नाही त्याला.

पाट्यांच्या डोळ्यांतले बुश:
उजवीकडचा निदान गोल तरी होता,
डावीकडे नुसता काळा चुरा.
पावाची खोकी मी डावीकडेच रचते,
कारण तेवढंच दार नीट सरकतं.
एका दाराच्या आळसाची वही
खाली लोखंडाने लिहून ठेवली होती.

रॉयस्टन खोबरेल घेऊन धावत आला.
तेल नाही, तेलानं रबर फुगतं. साबणाचं पाणी आण.
आणि शेवटचा पीळ
गाडी चाकांवर उतरल्याशिवाय द्यायचा नाही.
अंगावर वजन घेऊन जसं बसेल तसं बसू दे त्याला,
मग आवळ.
हे सावंतवाडीच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं,
मजुरी ऐकून मी निघाले तेव्हा
मागून ओरडून.

सोमवारी पहाटे चारला
आरवलीच्या उतारावरचा तो खड्डा आला
आणि गेल्यावर मला कळला.
खोक्यात एक पाव हलला नाही.
अंधारात एकटीच हसले.

पण फाटकं बंद.
एकाही पडवीत दिवा नाही,
पिशवी हलवत कुणी उभं नाही.
हॉर्न दिला, कुत्रं भुंकलं.
हॉर्न काय, कुणाचाही असतो.

शेवटी सदू तेंडोलकर लुंगी सावरत आला.
"कोणाची रे गाडी?"
"माझीच ती. फिलू."
"मगे वाजत कशी नाय?"
"मागचा सगळा नवीन घातलंय."
तो वाकून चाकाकडे बघत राहिला,
घरातलं कुणी न सांगता गावाला गेल्यासारखा.
"तू देवळाच्या वळणार इलंस काय
आमची ही चाय ठेवी," म्हणाला.
"आज चाय नाय हां."

दहा पाव मोजून दिले.
त्यानंही परत मोजले.

जुने शॉक मागे गोणपाटात बांधलेले होते,
भंगारात टाकायला.
पुढच्या वळणावर उतरले,
एक सोडवला
आणि रिकाम्या पत्र्याच्या ट्रेमध्ये मोकळा ठेवला.
टांकचा रस्ता खराबच आहे, वाजला.

वरच्या घरात
दिवा लागला.