जाळीच्या आतला

होडीतून उतरलो तेव्हा
अंगाला गवती चहासारखा वास मारत होता,
बाह्या मनगटापर्यंत, मोजे नडग्यांवर ओढलेले,
पिशवीत तीन मलमं, एक फवारा
आणि भीती, नीट घडी घालून.

सॉलोमनच्या या खाजणात बेटंसुद्धा माणसांनी रचलेली.
प्रवाळाचा एकेक धोंडा तराफ्यावरून आणायचा,
पाण्यात टाकायचा, पुन्हा जायचं.
किती पिढ्या, कुणी मोजल्या नाहीत.

हिल्डा ओफाई शिंपल्या घासत बसली होती.
त्यांच्या माळांवर इथे लग्नं ठरतात,
भांडणं मिटतात.
मान वर न करता तिने विचारलं,
कुठून आलात?
मी देशाचं नाव सांगितलं.
ते नव्हे, ती म्हणाली,
काल कुठे झोपला होतात?

काल. परवा. त्याआधीचे वीस दिवस.
मोठ्या बेटावर, नदीकाठी, पामच्या मळ्यालगत
दवाखान्याचा सौर फ्रीज उघडून बसलो होतो.
जाळी होती तिथे, खिळ्याला.
उकाडा फार, म्हणून खिळ्यालाच राहिली.
हे मी सांगितलं नाही.
तिने विचारलंही नाही,
फक्त हातातली शिंपली खाली ठेवली.

ऊन उतरायला लागलं तशी पोरं निघाली,
करवंट्या पालथ्या घालत,
होड्यांच्या तळातलं पाणी उपसत,
डब्यांची झाकणंसुद्धा उलटी करत.
बेनो नावाचा सर्वांत लहान,
त्याच्याकडे फक्त चपलांचं काम.
चपलेत किती पाणी मावतं?
पुरेसं मावतं, तो म्हणाला.

जेवणं उजेडीच उरकतात इथे.
पूर्वी तो मध्यरात्री यायचा म्हणे,
मग घरोघर जाळ्या आल्या,
तर त्याने वेळ बदलली.
आता दिवेलागणीलाच येतो,
माणसं अंगणात गप्पा मारत असतात तेव्हा.
'हेम सावे,' हिल्डा म्हणते. त्याला कळतं.

आपल्या भाषेत डास पुल्लिंगी.
चावते ती मात्र मादी.
व्याकरणाने इथे कधी रक्त तपासलेलं नाही.

ते काम इरोमेआचं.
सूक्ष्मदर्शकाची पेटी पोटाशी धरून तो आला,
देव्हारा उचलून आणावा तसा.
नव्या माणसाचा एक थेंब, एवढाच नियम.
मी बोट पुढे केलं, हसत.
दोन दिवस अंग मोडून आलं होतं,
संध्याकाळी थंडी वाजायची,
त्याला मी बोटीचा शीण म्हणत होतो.

तो बराच वेळ वाकून होता.
मग सरकून मला जागा करून दिली.
जांभळट गोल गोल पेशी,
आणि एकीत
कुणीतरी अंगठी विसरून गेल्यासारखी.

दोन वर्षं, तो म्हणाला,
या बेटावर एकही नव्हती.

रागावलं कुणीच नाही.
रागावले असते तर बरं झालं असतं.
गोळ्या आल्या, उकडलेल्या रताळ्याबरोबर,
उपाशीपोटी घेऊ नका असं दोनदा बजावून.
हिल्डाने तिची स्वतःची जाळी आणली,
भोकं निळ्या दोऱ्याने शिवलेली,
चटईच्या चारी कडांखाली खोचली,
आणि कोपरे पुन्हा तपासले,
पोरांच्या अंथरुणाचे तपासते तसे.
नव्हे, त्याहून जरा जास्तच.

मग लक्षात आलं
की जाळी डासांपासून मला वाचवायला नाही,
माझ्यापासून डासांना वाचवायला आहे.
आणि डासांपासून बेनोला.
बेनो दारात उभा, माझ्या चपला पालथ्या घालत.

माझी मलमं कोपऱ्यात पडून आहेत.
फ्रीज अजून उघडायचाय.
बाहेर भरतीचं पाणी धोंड्यांतून आत येतं, मागे जातं.
मध्यरात्री ती आलीच,
जाळीला लागून, कानापाशी, बारीक आवाजात.
मी आतून हळूच टिचकी मारली.
जा बाई, म्हटलं,
तुझ्या भल्याचं सांगतोय,
आज या घरात
रोगी मी आहे.