निदानरेषा

मेडिकलच्या तळमजल्यावर पोरगी म्हणाली,
नाकाला चिमटा लावते, काका,
पुठ्ठ्याची नळी दातांत घट्ट धरा आणि फुंका,
फुंका फुंका फुंका, अजून अजून अजून...
फुंकलं.
पडद्यावरची रेघ थोडी चढली
आणि मे महिन्यातल्या कुत्र्यासारखी आडवी झाली.

तिला काय सांगू,
मिलच्या संघात पहिली चढाई माझी असायची.
एका दमात सात जणांचं अंगण फिरून
मध्यरेषेला बोट टेकवायचो,
वर पंचाकडे बघून हसण्यापुरता श्वास उरायचा.

म्हणाली, तिशीनंतर घटतंच, काका.
वर्षाला खोकल्याच्या औषधाची तीनेक झाकणं.
चाळीस वर्षांचा मनात हिशेब केला.
बारा बाटल्या.
कोण प्यालं?

बरगड्यांच्या कुर्च्या म्हणे चुनखडीगत कडक होतात,
खालचा पडदा ढिला पडतो,
आणि कितीही फुंकलं तरी काही हवा आतच राहते,
खोली न सोडणाऱ्या भाडेकरूसारखी,
दरवर्षी थोडी आणखी पथारी पसरून.
कागदावर लिहिलंय, निदान : वयोमानानुसार.
आमच्यातही निदानरेषा असते.
निदान एक पाय तरी तिच्यापलीकडे पडावा लागतो,
नाहीतर चढाई धरत नाहीत.
पडला म्हणायचा.

येताना गोळीबार चौकात उतरलो.
गुलाब धकाते वरच्या मजल्यावर राहतो, बावीस पायऱ्या.
चौदावीवर कठडा धरला.
खालून सावजी मसाल्याची फोडणी वर आली
आणि खोकला सुटला तो सुटलाच.
एक पोरगं दोन-दोन पायऱ्या उडत गेलं,
सॉरी आजोबा म्हणत.

वर गुलाब. नाकात नळी, कोपऱ्यात मशीन घरघरतंय.
याच माणसानं कामठीच्या मैदानात
माझा घोटा धरला होता.
रेषा वीतभर लांब,
कबड्डी कबड्डी कबड्ड...
तिथंच दम तुटला.

'ये बे,' म्हणाला, आणि थांबला.
मला तेवढंही जमेना.
बसून राहिलो.
सुनेनं पाणी ठेवलं, विचारलं, भांडले काय तुम्ही दोघं?

मग तो वाकला, फार हळू,
माझ्या घोट्यावर अंगठा दाबला,
सूज आहे काय बघायला.
खळगा पडला.
तो भरेस्तोवर त्यानं पाय सोडला नाही.
मीही ओढला नाही.