नियंत्रण गट

म्हसरूळला विद्यापीठात आमचा एक अभ्यास चालू आहे:
एकाच घरातले दोन भाऊ, एक पिणारा, एक न पिणारा.
पिणारे लगेच सापडतात, वॉर्डात ओळीनं झोपलेले.
न पिणाऱ्यांना शोधत हिंडायचं काम माझं,
स्कूटीला बर्फाचा डबा बांधून.

क्रमांक एक्केचाळीस-ब. हिरामण बेंडकुळे.
नोकरी?
सावरगावच्या वायनरीत, प्रयोगशाळेत मदतनीस.
दिवसाला वीस पेले जिभेवर घेतो, घोळवतो
आणि थुंकतो.
माझं पेन थांबलं.
‘लिहा की. थुंकायचाच पगार आहे मला.’

एक्केचाळीस-अ, म्हणजे रंगनाथ, अंबडला फिटर होता.
ही तिसरी भरती.
गोळ्या लागू पडताहेत, हाताचा कंप उतरलाय,
पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागत नाही.
हे ऐकून हिरामण नुसता मान हलवत राहिला.

पहिला घोट कितव्या वर्षी?
हा नऊ, तो अकरा. एकाच संध्याकाळी,
बापाची बाटली आणताना, पेठ रोडच्या मोरीवर बसून,
झाकणानं मोजून. तीन ह्याला, तीन त्याला.
‘मला उलटी झाली. दादा हसायला लागला.
घरात तो तसा कधी हसायचा नाही.’

ह्या वाक्याला फॉर्मवर रकाना नाही.
‘इतर’मध्ये बारीक अक्षरात कोंबलं
आणि प्रश्न सतरावर गेले.

पाच मिली रक्त. जांभळ्या झाकणाची नळी.
ती त्यानं मागून घेतली, खिडकीकडे तिरकी धरली,
वाइनचा रंग बघतात तशी.
‘ताई, माझ्यात काय आहे ते शोधताय, का काय नाही ते?’

म्हटलं, तुम्ही नियंत्रण गटात आहात.

‘गट एकच आहे आमचा. बी पॉझिटिव्ह.
मग हे माझंच त्याला चढवा ना.
दोन बाटल्या घ्या. चार घ्या.’

असं होत नसतं, एवढं तरी मला सांगता आलं असतं.
मी नळीवर चिठ्ठी चिकटवत बसले, निघालेला कोपरा
पुन्हा पुन्हा दाबत.

संमतीपत्राच्या तिसऱ्या पानावर छापलंय,
‘सहभागी व्यक्तीस थेट लाभ होईलच असे नाही.’
त्याखाली त्याची सही,
पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट.

निघताना डब्याची दोरी त्यानंच पुन्हा ओढून बांधली.
‘सावकाश जा. मखमलाबादच्या वळणावर खडी पडलीय.’