पूर्ण वाक्य

हेमांगी भारंबे वजनकाट्यावर रुजू झाली
दिवाळीनंतर, कापूस सुरू होताना.
तिचा भाऊ आधीच येऊन सांगून गेला होता :
आबा, तिच्याशी आडून बोलू नका. सरळ सांगा.
मी म्हटलं, धरणगावात तीस वर्षं जिनिंगवर मॅनेजर आहे,
माणसं कशी वापरायची ते मला शिकवतोस?

पहिल्याच दिवशी म्हणालो, "तो ट्रॅक्टर जरा बघून घे."
ती उठली. ट्रॅक्टरला दोन फेऱ्या मारून आली.
"बघितला. मागचं डावं चाक नवीन आहे."
हमाल दुपारच्या भाकरीपर्यंत हसत होते.
मीही.

मग एकदा "आलोच पाच मिनिटांत" म्हणून बँकेत गेलो.
परतलो तर गेटापर्यंत गाड्या, हॉर्नवर हॉर्न,
आणि ती टेबलाखाली, कानांवर हात,
घड्याळ मांडीवर :
पाचाची एकाहत्तर मिनिटं झाली होती.
त्या दिवशी कोणी हसलं नाही.

काट्यावर निळा दिवा बसवला. पाटी रंगवली : हॉर्न बंद.
"कसाले? देऊळ शे का आठे?" एक ड्रायव्हर ओरडला.
सरकीच्या ढिगामागे ती एकटीच चहा प्यायची,
हमालांना राग यायचा, बोलावलं तरी येत नाही म्हणून.
रुखमाबाई तेवढी, झाडू टेकवून,
दहा हातांवर पाठ करून बसायची. बोलायची नाही.
तिला हे कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

मी बोलणं बदलत गेलो. जड गेलं.
"जरा" गेलं, "होईल" गेलं, "तुला कळतंय ना" गेलं.
घरी बायकोने विचारलं, कधी येणार?
"सात वाजून दहा," म्हणालो,
तर ती मला ताप आहे का बघायला लागली.

माघात भाव चढला. शेठचा फोन आला :
"वारके, काट्यावर जरा सांभाळून."
तीस वर्षांचं ओळखीचं वाक्य. तसंच उचलून केबिनमध्ये नेलं.
"हेमांगी, जरा सांभाळून."
तिने वही उघडली, पेन धरलं.
"काय सांभाळायचं?"

आता कर्ता हवा होता, कर्म हवं होतं, क्रियापद.
कोणी, कोणाच्या कापसातून, क्विंटलमागे किती किलो.
हे वाक्य मी आजवर एकदाही बोललो नव्हतो.
कोणीच बोललं नव्हतं.
काम मात्र दर हंगामात होत आलं होतं.

काचेबाहेर एरंडोलकडचा कोणी
खांद्यावरचा कापूस झटकत उभा.
निळा दिवा लागलेला.
"काही नाही," म्हणालो.
तिने लिहिलं : काही नाही. ४.२०.
आणि काट्यावर होतं ते वजन चिठ्ठीवर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.
"वारके, समजलं ना काल?"
माझ्या हातात तिचंच एक पेन होतं, टोपण नसलेलं.
"नाही समजलं, शेठ.
पूर्ण सांगा."