वरची रेघ

शमसुद्दीन फणसोपकर टगबोटीवर भंडारी होता.
भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यांच्या पाठीवर
कविता लिहायचा, तेलकट बोटांनी.
गेला तेव्हा त्याच्या ट्रंकेत
सतरा वर्षांच्या भरत्या निघाल्या.

मंडळात ठरलं, त्याचं काहीतरी व्हावं.
आधी अर्धपुतळा म्हणाले, ब्राँझचा.
कोटेशन आलं, मग भिंतचित्र म्हणाले.
चेहऱ्यासाठी फोटो एकच, ओळखपत्रावरचा,
त्यात तो आत्ताच कुणाचे तरी पैसे बुडवून आल्यासारखा.
शेवटी मुहर्रकला, मच्छी बंदराजवळ
एक बुटकी भिंत मिळाली
आणि पावतीपुस्तक माझ्याकडे आलं,
कारण माझं अक्षर बरं आहे.

पहिल्यांदा गेलो हुरजूक टेलरकडे.
सुई दातांत धरून तो म्हणाला,
"माझे नऊ दिनार आहेत त्याच्याकडे. तेच लिही."
गवंडे सिस्टर म्हणाल्या, "बारा. आणि एक थर्मास."
कोल्ड स्टोअरच्या कुंजालीनं वहीच उघडली:
खब्बूस, अंडी, बॉलपेन, पुन्हा अंडी,
खाली बेरीज, आणि बेरजेखाली मल्याळममध्ये एक शब्द
जो त्यानं मला सांगितला नाही.
आंबेरकर तर रडलेच.
त्यांचे फक्त चार होते.

महिन्याभरानं हिशोब केला.
कागदावर एकशे त्रेसष्ट दिनार,
पेटीत एकेचाळीस.

बलदियाच्या शिक्क्याला पाच गेले.
छत्तीस घेऊन मोफिझकडे गेलो.
पाट्या रंगवतो, बरिशालचा,
आपली लिपी त्याला वाचता येत नाही, चितारता येते.
"अक्षराला तीन. रंग माझा."
काना-मात्रेचं काय?
"त्यातच आलं."
आणि वरची रेघ?
त्यानं हवेतच ओढली, ब्रश न घेता, सरळ.
"ती आमच्याकडेही असते, भाई.
तिचे काय पैसे घ्यायचे?"

त्या रात्री ट्रंकेभोवती बसलो सगळे
बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजत.
चांगल्या ओळी महाग होत्या.
आईवरची एकतीस अक्षरांची,
दीपस्तंभाची तर परवडण्यापलीकडची.
सिस्टर म्हणाल्या, अर्धीच लावू या.
हुरजूक भडकला, "मी अर्धा पायजमा शिवतो का?"
मग कुठल्याशा जूनच्या तक्त्यामागे
एक सापडली, मोजून बारा:

भरती आली की परत करीन

कुणीच काही बोललं नाही.
हेच तर तो म्हणायचा
आमच्या प्रत्येकाच्या दारात उभा राहून,
चपला न काढता.
आम्हाला काय ठाऊक, ती कविता होती.

शुक्रवारी मोफिझनं रंगवली.
बोटीला लावतात तो निळा.
आधी रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मग एकेक अक्षर तिला टांगत गेला,
ओल्या कपड्यासारखं.
संपल्यावर अर्थ विचारला. मी सांगितला.
तो ब्रश पुसत राहिला बराच वेळ.
"शेवटच्या अक्षराचे राहू देत," म्हणाला.
"भरती आली की बघू."

घरी येऊन वही मांडली.
हुरजूक नऊ. गवंडे बारा, थर्मास वेगळा.
आंबेरकर चार. कुंजालीचा आकडा, शब्दासकट.
सगळ्यात खाली: मोफिझ, 'न'चे तीन.
सगळं येणे.

आणि पेटीत तीन दिनार रोख, शिल्लक.
वास लागला असता त्याला.
असता, तर आज रात्रीच
आला असता मागायला.