शिसं

भद्रकालीत माझं मोडीचं दुकान.
तांबं, पितळ, जर्मन.
किलोच्या वजनाला बुडाशी खळगा असतो,
सरकारी शिक्क्यापुरता.
मी तो एका रात्री खोल कोरला
आणि शिसं ओतलं.
किलोमागे शंभर ग्रॅम.
फार नाही.
एकोणीस वर्षं.

रविवारी मात्र शरणपूरला, इस्त्रीचा सदरा,
शेवटून दुसरा बाक.
आम्ही पाप केलं आहे, असं मंडळी म्हणायची
तेव्हा मीही म्हणायचो, त्यांच्या आवाजात आवाज मिसळून.
असं म्हटलेलं कुणाचंच नसतं.

मार्थाबाई रणनवरे आल्या होत्या,
नवऱ्याला माती देऊन पंधरा दिवस झालेले.
घंगाळ, दोन हंडे, एक कळशी.
कळशीच्या गळ्याशी टोचून घातलेलं नाव.
"तेवढं घासून काढाल का?"
वितळवतातच, मी म्हणालो,
आणि काटा धरला.

कळशी गेली. नाव राहिलं.

उपवासकाळातल्या एका पहाटे
वजन पिशवीत घालून रामकुंडावर गेलो.
इथं साऱ्या मुलखाचं पाप बुडतं,
देव वेगळा असला तरी पाणी तेच.
सोडलं.
डुबुक.
पायऱ्या निम्म्या चढलो असेन,
नाण्यांसाठी बुड्या मारणारं एक पोर धावत आलं,
गालात दहाचं नाणं, काखेत माझं वजन.
"काका, तुमचं पडलं ना?
लय जड आहे भो!"
वर त्याला वीस रुपये द्यावे लागले.

ओली पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसलो.
शरणपूर.
"रोडला का आत?"
आत. पार आत.

दार उघडलं. वजन उंबऱ्यावर ठेवलं
आणि पहिल्यांदाच एकवचनात बोललो.

"ठाऊक होतं," मार्थाबाई म्हणाल्या.
"रेशनवाल्याकडे मोजूनच आणलं होतं."
मग बोलला का नाहीत?
"बोलले की. तुमच्याशी नाही.
पहिली दोन वर्षं म्हणायचे, त्याचं वाटोळं कर.
खोटं कशाला सांगू.
मग कंटाळले.
मग नुसतं तुमचं नाव घ्यायचे."

मी चौपट पुढे केले.
बोट ओलं करून त्यांनी नोटा मोजल्या, दोनदा,
आपले तेवढे काढले, बाकीचे माझ्या खिशात कोंबले.
"हे ज्यांचे, त्यांना शोधा."
आणि चहा टाकायला आत जाताना
वजन पायानं सरकवून दाराला लावलं,
वाऱ्यानं आपटायचं ते.

त्यातले अजून कितीतरी सापडायचेत.
काही मेले. एक तर मुंबईला गेला म्हणतात.

पण त्या रविवारी प्रभुभोजनाला
गुडघे टेकून हात पुढे केला.
पाळकांनी तुकडा ठेवला तळव्यावर.
सवयीनं अंदाज घेतला:
दोन ग्रॅम. तेवढंही नसेल.

हात खाली गेला.