सत्तेचाळीस नंबर

माझगावच्या बोर्डिंगात आम्हाला नावं होती,
पण ती रविवारपुरती.
एरवी कॉलरला, टॉवेलला, थाळीच्या बुडाला
एकच आकडा. मी सत्तेचाळीस.

प्लेगच्या साली पाद्र्यांनी गोदीजवळच्या वखारीत
अकरा पोरकी पोरं झोपवली,
तिथून हे आकडे सुरू झाले.
मुलगा जायचा, आकडा राहायचा.
जाताना गादीखाली काहीतरी ठेवायचं, हा रिवाज.
मला मिळाली अर्धी पेन्सिल
आणि चिठ्ठी : गुरुवारची डाळ खाऊ नकोस.

रविवारी जेवणानंतर घरी पत्र.
ब्रदर लिगोरी फळ्यावर मजकूर लिहायचे,
आम्ही उतरवायचो, काना-मात्रेसकट :
मी खुशाल आहे. अभ्यास बरा चालला आहे.
शेजारच्या तेवीस नंबरला, इनासला,
लिहायला कुणीच नव्हतं.
तोही लिहायचा.
पत्त्याची जागा तेवढी कोरी.

परवा बोर्डिंग बंद झालं.
कपाटं रिकामी करायला आम्ही सहा-सात म्हातारे,
एकाच्या हातात अजून ती थाळी.
ब्रदरांच्या खणात सुतळीनं बांधलेला गठ्ठा निघाला.
इनासची पत्रं, एकूण एक,
आणि प्रत्येकाच्या पाठीवर लाल शाईत उत्तर :
पत्र पोचलं. खोकला कसा आहे?
डाळीचं स्वयंपाक्याला बोललो आहे.
र नीट काढ.

त्याला कधी दाखवली नसावीत.
का, ते विचारायला आता ब्रदर नाहीत.
इनास मस्कतला गेला म्हणतात, पुढचं कुणाला ठाऊक नाही.

गठ्ठा मी पिशवीत घातला.
फाटकाशी येऊन उगाच थांबलो,
कुणीतरी आकडा पुकारेल म्हणून.